चादरीखालचा कॉम्प्युटर आणि साडेतीनशे रुपयांचे कार्ड

आमच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर पाच वर्षे चादर पांघरून बसला होता. २०१० साली मोठ्या हौसेने घेतलेला. त्यावर आम्ही एमएस-सीआयटीचा सराव केला, शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या, मुलांनी चित्रे रंगवली. २०१९च्या पावसाळ्यात एका रात्री जोराची वीज कडाडली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला, पण इंटरनेट आले नाही. मागच्या बाजूला जिथे वायर लागते, तिथला हिरवा दिवा कायमचा विझला होता. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली, घरात मोबाईल वाढले आणि कॉम्प्युटरवर चादर पडली. हळूहळू चादरीवर इस्त्रीचे कपडे आणि मुलांची दप्तरे येऊन बसली.

भंगारवाला गल्लीत हाक देऊन जाई, तेव्हा मुलांचे अब्बू म्हणत, “देऊन टाकू या का?” आम्ही म्हणायचो, “राहू द्या, बघू.” ते ‘बघू’ सहा वर्षे चालले. गोवंडीतल्या घरात जागा किती मोलाची असते, हे वाचकांना सांगायला नको.

मग २०२५चा मे महिना आला. १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला. आमची थोरली मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली, अल्हमदुलिल्लाह. मिठाई वाटून झाली आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. मुंबईत अकरावीचे प्रवेश आधीपासूनच ऑनलाइन होते. त्या वर्षापासून ते साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. फॉर्मची नोंदणी २६ मे रोजी सुरू झाली. मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, नोंदणीचे शुल्क शंभर रुपये आणि पसंतीची महाविद्यालये जास्तीत जास्त दहा. मुलीची दोन वर्षे कुठे जाणार, हे त्या दहा नावांच्या क्रमावर ठरायचे होते.

फॉर्म मोबाईलवरही भरता येतो. पण पाच बोटांएवढ्या पडद्यावर एकीकडे महाविद्यालयांची यादी, दुसरीकडे मागच्या वर्षीचे कटऑफ आणि तिसरीकडे फॉर्म असे सगळे पाहायचे म्हणजे डोळे आणि डोके दोन्ही शिणतात. एक पान उघडले की दुसरे बंद होते. दुसरा मार्ग सायबरचा. आम्ही एकदा तिथे मुलीला घेऊन गेलो. गर्दी एवढी, की मागे उभा असलेला प्रत्येक जण पडद्यावरचे नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर वाचू शकत होता. काम करणारा मुलगा घाईत होता. “मॅडम, कॉलेज लवकर सांगा, मागे लाइन आहे,” असे तो दोनदा म्हणाला. आमच्या आधी आलेल्या एका बाईंची आधार कार्डाची फाईल डेस्कटॉपवर तशीच उघडी पडलेली दिसत होती. त्याचा दोष नव्हता, दिवसाला पन्नास जणांचे काम तो करत होता. पण मुलीने आमचा हात दाबला आणि हळूच म्हणाली, “अम्मी, घरी चला. आपण बसून विचार करून भरू या.”

घरी येऊन आम्ही चादर काढली.

बिघाड नेमका कुठे?

आम्ही वर्गात मुलांना नेहमी सांगतो, उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट वाचा. इथेही तेच केले. कॉम्प्युटर सुरू होत होता, थोडा कुरकुरत का होईना. पडदा ठीक, कीबोर्ड ठीक. म्हणजे डोके शाबूत होते, फक्त बाहेरच्या जगाशी बोलणे बंद पडले होते.

हे बोलण्याचे काम जो भाग करतो, त्याला नेटवर्क कार्ड म्हणतात. कॉम्प्युटरमधली माहिती विजेच्या बारीक बारीक इशाऱ्यांत बदलून वायरीवर सोडायची आणि वायरीवरून आलेले इशारे परत माहितीत बदलायचे, एवढेच त्याचे काम. घराघरांत वापरली जाणारी ही वायरीची पद्धत ‘इथरनेट’ या नावाने ओळखली जाते. ती १९७३ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित केली. आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये नेटवर्कची सोय असेलच असे नव्हते. लागेल त्याने वेगळे कार्ड घेऊन बसवायचे. पुढे ही सोय मुख्य सर्किटावरच, म्हणजे मदरबोर्डवरच येऊ लागली. आमच्या कॉम्प्युटरमध्ये ती मदरबोर्डवर होती आणि विजेच्या झटक्याने तेवढीच जळली होती. मदरबोर्ड बदलायची गरज नव्हती. जुन्या पद्धतीप्रमाणे वेगळे कार्ड बसवले की झाले.

पण कार्ड विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वायर. तीच वायर दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपला लावून पाहावी. पुष्कळदा दोष वायरीच्या टोकाशी असतो आणि माणूस कार्ड घेऊन येतो. दुसरी, ‘डिव्हाइस मॅनेजर’. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवे बटण दाबून ‘मॅनेज’ निवडले की तो सापडतो. त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर’ या नावाखाली काय दिसते ते पाहावे. नाव दिसते पण त्यावर खाली वळलेला बाण आहे, तर ते फक्त बंद करून ठेवलेले असते. उजवे बटण दाबून ‘इनेबल’ केले की चालू होते. पिवळे चिन्ह असेल तर ड्रायव्हर नाही असे समजावे. काहीच दिसत नसेल तर तिसरी तपासणी करावी. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ‘ऑनबोर्ड लॅन’ कोणी बंद करून ठेवले आहे का ते पाहावे. आमच्याकडे हे सगळे करूनही नाव दिसले नाही, दिवाही लागला नाही. तेव्हा नवे कार्ड घ्यायचे ठरले.

पहिली चूक आमची

उत्साहाच्या भरात आम्ही मंगळवारी जवळच्याच दुकानात गेलो आणि म्हणालो, “कॉम्प्युटरचे नेटवर्क कार्ड द्या.” दुकानदाराने विचारले, “पीसीआय की एक्सप्रेस?” आम्हाला काहीच कळले नाही. शिक्षकी पेशात एक खोड लागते, माहीत नाही म्हणायला जीभ वळत नाही. आम्ही म्हणालो, “साधे द्या.” त्याने आजकाल जे साधे आहे ते दिले. घरी येऊन कॅबिनेट उघडले तर कार्डाचा सोनेरी दात बसायला जागाच नाही.

नंतर आमच्या भाच्याने फोनवर समजावले. तो मोबाईल दुरुस्तीचे काम करतो. तो म्हणाला, “खालाजान, आधी आतला फोटो काढून पाठवा, मग बोलू.” फोटो पाहून त्याने सांगितले ते असे. जुन्या मदरबोर्डवर जे पांढरे, बोटभर लांबीचे स्लॉट असतात ते पीसीआय. ही पद्धत १९९०च्या दशकातली. त्यानंतर आलेली पीसीआय एक्सप्रेस. तिचा नेटवर्क कार्डासाठीचा स्लॉट अगदी लहान, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा असतो. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. जोर लावला तर मदरबोर्ड तुटतो. आमच्याकडे पांढरे स्लॉट दोन होते आणि दोन्ही रिकामे. लहान स्लॉट नव्हताच, आणि जो एक लांब स्लॉट होता त्यात पडद्याचे कार्ड आधीच बसलेले होते.

म्हणून वाचक भगिनींनो, दुकानात जाण्याआधी कॅबिनेट उघडून आतला फोटो मोबाईलमध्ये घ्या. तो दुकानदाराला दाखवा. ज्ञान नसल्याची लाज बाळगू नका. आमची ती लाज पन्नास रुपयांना पडली, कारण दुकानदाराने कार्ड परत घेतले, पण पन्नास कापून.

जुने पीसीआय कार्ड आमच्या भागात मिळाले नाही. तेव्हा लॅमिंग्टन रोड गाठायचे ठरले. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता. आज त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण रेडिओच्या जमान्यापासून सुटे भाग शोधणाऱ्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे. सोमवारी, २६ मे रोजी मान्सून मुंबईत आला होता. एवढ्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद याआधी नव्हती. त्या दिवशी गाड्यांचे काय हाल झाले ते सगळ्यांना आठवत असेल. बुधवारी पाऊस थोडा उघडला. आम्ही मुलीला घेऊन गोवंडीहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, आणि तिथून पश्चिमच्या गाडीने ग्रँट रोडला उतरलो.

तिथल्या एका लहान गाळ्यात काचेखाली रांगेने कार्डे मांडलेली होती. या वेळी प्रश्न मुलीने विचारले, कारण फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता. दुकानदार म्हणाला, “बेटा, वायरवाले पाहिजे की वायफायवाले?”

हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारायला हवा. यूएसबीला लावायचे बोटाएवढे वायफायचे अडॅप्टर मिळते. ते बसवायला कॅबिनेट उघडावे लागत नाही. ज्यांना पेचकस हातात धरायचा नाही, त्यांच्यासाठी ते उत्तम. मात्र स्वस्त अडॅप्टर बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालते. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झचे सिग्नल देत असेल तर त्याला राउटर दिसतच नाही. आणि आमच्यासारख्या वस्तीत, जिथे एका भिंतीला चार घरे लागून आहेत, तिथे २.४च्या त्या अरुंद रस्त्यावर सगळ्यांच्याच राउटरची गर्दी असते. संध्याकाळी मगरिबनंतर सगळे घरी आले की वेग मंदावतो. वायरीला ही अडचण नाही. आमच्याकडे इंटरनेट वरच्या माळ्यावर मुलांच्या चाचूंकडे येते. तिथून खाली पंधरा मीटर वायर पुरेशी होती. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते. कार्डाचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट आणि आमचे कनेक्शन ५०चे. म्हणजे त्याहून महाग कार्डाची गरज नव्हती. कार्ड साडेतीनशेला मिळाले, दोन्ही टोके लावलेली वायर दोनशे चाळीसला.

बसवण्याचे काम

दुसऱ्या दिवशी जोहरनंतर जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरून आम्ही बसलो. कॅबिनेटला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो, प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे आतली बोटांच्या चिमटीत मावणारी चिप. असो. हे काम करताना पाळायच्या गोष्टी क्रमाने अशा :

आधी कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढल्यावर सुरू करायचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. वीजपुरवठ्याचा जो लोखंडी डबा पंख्यासह आत असतो, तो मात्र कधीही उघडू नये.

मागचे दोन स्क्रू काढले की डाव्या बाजूचे पान सरकते. आत सहा वर्षांची धूळ होती. रंगाचा मऊ, कोरडा ब्रश घेऊन ती झाडली. ओला कपडा लावू नये.

कार्ड हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावावा. आपल्या अंगावर, विशेषतः नायलॉनचे कपडे असतील तर, थोडी वीज साठलेली असते. आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्याने चिप जळू शकते. कार्ड कडेने धरावे, सोनेरी दातांना बोट लावू नये.

स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढावी, कार्ड सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. ‘कट’ असे हलके जाणवते. मग पट्टीच्या जागी स्क्रू लावावा, नाहीतर वायर ओढली गेली की कार्ड वाकडे होते.

हे सगळे मुलीने केले. आम्ही फक्त टॉर्च धरला. धाकटा मुलगा स्क्रू एका वाटीत सांभाळून बसला होता, मोजून परत देण्याची जिम्मेदारी त्याची. अर्ध्या तासात पान परत बसले. वायर लावली, प्लग लावला, बटण दाबले. कार्डाचा हिरवा दिवा लागला आणि घरात एवढा आवाज झाला की शेजारच्या खालाजान दारात येऊन विचारू लागल्या, “काय झाले?”

दिवा लागला, इंटरनेट नाही

आनंद पाच मिनिटे टिकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आले. विंडोजला कार्ड दिसत होते, पण त्याच्याशी कसे बोलायचे ते माहीत नव्हते. ते सांगणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. कार्डासोबत लहान सीडी आली होती, पण आमच्या कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा उघडेना. ड्रायव्हर इंटरनेटवर होता, आणि इंटरनेट सुरू करायलाच ड्रायव्हर हवा होता!

अशा वेळी मोबाईल उपयोगी पडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ पाहिला की एक सांकेतिक क्रमांक दिसतो. त्यातील ‘व्हेन’ या अक्षरांनंतरचा भाग चिप बनवणाऱ्या कंपनीचा असतो, ‘डेव्ह’नंतरचा त्या चिपचा. आमच्याकडे ‘१०ईसी’ होते, म्हणजे रिअलटेक. मग विंडोज कोणते आणि ३२ बिट की ६४ बिट हे ‘सिस्टिम’च्या पानावर पाहून, त्याप्रमाणे चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर मोबाईलवर उतरवला. चार्जिंगच्या वायरीने फाईल कॉम्प्युटरवर घेतली. पेनड्राइव्हनेही हे होते. ‘सर्व ड्रायव्हर फुकट’ म्हणणारी जी अनोळखी पाने मध्येच उघडतात, तिथून काही घेऊ नये. ड्रायव्हरच्या नावाखाली भलतेच घरात येते.

पिवळे चिन्ह गेले, पण पान अजून उघडेना. नेटवर्कच्या ‘डिटेल्स’मध्ये कॉम्प्युटरचा पत्ता पाहिला, तो १६९.२५४ने सुरू होत होता. भाचा फोनवर लगेच म्हणाला, “म्हणजे राउटरने पत्ता दिलेलाच नाही, कॉम्प्युटरने स्वतःच ठरवून घेतलाय. १९२.१६८ने सुरू होणारा यायला हवा. वर जाऊन वायर दुसऱ्या पोर्टला लावून बघा.” मुलगा माळ्यावर धावला. वायर ज्या पोर्टला लावली होती, त्याखाली बारीक अक्षरात ‘टीव्ही’ लिहिलेले होते. शेजारच्या पोर्टला लावली आणि पत्ता बदलला.

तरीही प्रवेशाचे पान उघडले नाही! ‘हे पान सुरक्षित नाही’ असा लाल इशारा येत राहिला. दुसरे पान उघडले, तोच इशारा. आम्ही हताश होऊन बसलो. मुदतीचे दिवस मोजके, ईद ७ जूनला, देवनारला बकऱ्यांचा बाजार भरलेला आणि घरात शंभर कामे. मुलांचे अब्बू म्हणाले, “झाले तेवढे पुष्कळ. उद्या सायबरला जाऊ या.” तेवढ्यात मुलीचे लक्ष पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेले. “अम्मी, या कॉम्प्युटरमध्ये अजून २०१०च चालू आहे!”

खरेच तारीख २०१० सालची होती. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर-२०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना वेळ तोच सांभाळतो. तो कधीच संपला होता, त्यामुळे प्लग काढला की घड्याळ मागे जाई. आणि सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. २०१० सालात बसलेल्या कॉम्प्युटरला २०२५चे ओळखपत्र खोटे वाटणारच. आम्ही तारीख हाताने बदलली आणि पान उघडले. दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून तीस रुपयांचा सेल आणून बसवला. अधिक खूण वरच्या बाजूला ठेवायची, बस.

जुना कॉम्प्युटर पुन्हा सुरू करणाऱ्यांनी आधी तारीख पाहावी. आमचा एक तास त्यात गेला, तुमचा जाऊ नये.

दहा नावे

शुक्रवारी रात्री इशानंतर आम्ही चौघे त्या पडद्यासमोर बसलो. फॉर्म पडद्यावर एका बाजूला, यादी दुसऱ्या बाजूला. मुलीने कागदावर तीन रकाने आखले : कटऑफ, गोवंडीहून जाण्या-येण्याचा वेळ आणि विषय. अब्बूंचा आग्रह जवळच्या महाविद्यालयासाठी होता. मुलीला विज्ञान शाखेसाठी थोडे लांब जायचे होते. मोबाईलवर भरत असतो, तर हा वाद झालाच नसता. ज्याच्या हातात मोबाईल, त्याने क्रम लावला असता. मोठ्या पडद्यासमोर सगळे एकाच वेळी तेच पाहत होते. अब्बूंनी गाडीच्या वेळा पाहिल्या, दोन महाविद्यालये स्वतःच वर घेतली आणि एक खाली ढकलले. रात्री साडेअकराला दहा नावे पक्की झाली. शंभर रुपये मात्र आम्ही मोबाईलवरून भरले, जुन्या कॉम्प्युटरवर पैशांचा व्यवहार केला नाही.

त्याचे कारण सांगतो. विंडोज एक्सपीची सुरक्षा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यानंतर सापडणारी भोके बुजवली जात नाहीत. अशा कॉम्प्युटरवर बँकेचे काम करू नये, पासवर्ड साठवू नये. याला एक फुकटचा उपाय आहे, लिनक्स. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती दोन जीबी मेमरीवरही चालते, चार असली तर बरे. ती पेनड्राइव्हवर घेऊन, आतले काहीही न पुसता आधी चालवून पाहता येते. ईदनंतर भाच्याने तसे करून दिले. जुन्या कार्डांचे बहुतेक ड्रायव्हर त्यात आधीच असतात. आमचे कार्ड तिथे पहिल्याच मिनिटाला चालले, सीडी नाही, पिवळे चिन्ह नाही. उर्दू आणि मराठी दोन्हींचे कीबोर्डही त्यात मिळाले. आता आमच्या प्रश्नपत्रिका पुन्हा घरीच तयार होतात.

कॉम्प्युटर मुद्दाम बैठकीच्या खोलीत, येता-जाता पडदा दिसेल असा ठेवला आहे. कोणावर पहारा ठेवण्यासाठी नव्हे. मोबाईल ज्याचा त्याचा असतो, हा घराचा आहे. धाकट्याला गणिताचा व्हिडिओ लागतो, शेजारच्या खालाजानना लेकाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो, तेव्हा त्या खुर्ची ओढून बसतात. आमच्या मुलीने आतापर्यंत गल्लीतल्या पाच जणांचे फॉर्म भरून दिले आहेत. काम झाले की ती त्यांच्या देखत फाईल पुसते. सायबरमधली ती उघडी आधारची फाईल ती विसरलेली नाही.

भंगारात काय जाते?

गोवंडीकरांना हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ सालापासून आपल्या शेजारी आहे. शहराने नकोसे केलेले आपल्या अंगणात येते आणि ते वेचून, फोडून, वेगळे करून पोट भरणारी माणसे आपल्याच वस्तीतली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातल्या चौथ्या हिश्शाचीही नीट विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. सर्किटाच्या झाळणात शिसे असते. तांब्यासाठी वायर जाळली की तो धूर पहिल्यांदा जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जायला हवा. जे खरोखर मेले आहे ते तिकडेच द्यावे. पण देण्याआधी एकदा विचारावे, हे मेले आहे की फक्त मुके झाले आहे?

आमचा हिशेब : कार्ड ३५०, वायर २४०, सेल ३०, आणि आमच्या ‘साधे द्या’चे ५०. एकूण ६७० रुपये, गाडीभाडे वेगळे. आणि तीन दिवसांची मेहनत.

मुलीला यादीतले तिसरे नाव मिळाले, विज्ञान शाखा. रोज सकाळी सहाच्या आसपासची गाडी पकडते. पहिल्या आठवड्यात तिच्या वर्गात कॉम्प्युटर प्रयोगशाळेतल्या एका यंत्राचे इंटरनेट बंद पडले. घरी आल्यावर आम्ही विचारले, “मग तू काय केलेस?”

ती म्हणाली, “काही नाही, अम्मी. आधी तारीख बघितली, मग वायर.”